प्राचीन युद्धांवर पीएच.डी. करावी का? साताऱ्यातील एक समुपदेशन अनुभव

आवडीच्या, पण नोकरीच्या दृष्टीने अवघड विषयात पीएच.डी. करावी की नाही, हा प्रश्न घेऊन साताऱ्यातील माझ्या कार्यालयात वर्षाकाठी पाच-सहा मुले तरी येतात आणि बहुतेकांच्या मागोमाग काळजीत पडलेले आईवडीलही येतात. त्यांपैकी एका मुलीची हकीकत तिच्या परवानगीने आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून येथे मांडत आहे.

ती पंचवीस वर्षांची होती, इतिहासात एम.ए. झाली होती आणि तिला मौर्यकालीन युद्धनीतीवर संशोधन करायचे होते. वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. घरटी एक माणूस फौजेत, अशी आपल्या जिल्ह्यात जी गावे आहेत, त्यांतल्याच एका गावचे हे कुटुंब. पहिल्या भेटीत आधी वडीलच बोलले. “मॅडम, लढाईचा इतिहास वाचायला माझी ना नाही. पण हिचं हे शिक्षण संपेपर्यंत ही तिशी ओलांडेल. मग नोकरी कुठली आणि लग्न कधी?” नातेवाइकांचे पालुपद आणखी निराळे होते: छत्रपतींची राजधानी दारात असताना दोन हजार वर्षांपूर्वीच्या लढाया कशाला, इतिहासच करायचा तर शिवकाल का नाही?

त्या दिवशी माझ्याकडून एक चूक झाली. वडिलांची काळजी रास्त वाटल्यामुळे मी लगेच नोकऱ्यांच्या हिशेबाकडे वळले आणि मुलगी गप्प झाली ती शेवटपर्यंत. दुसऱ्या भेटीला मी तिला एकटीलाच बोलावले आणि विचारले, “संशोधक सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नेमके काय करत असतो, असे तुम्हाला वाटते?” तिने पोरस आणि अलेक्झांडर यांच्या लढाईबद्दल, चक्रव्यूहाबद्दल, हत्तींच्या फळीबद्दल डोळ्यांत चमक आणून सांगितले; पण दहा ते सहाच्या कामाबद्दल तिला काहीच सांगता आले नाही. लढायांची गोडी आणि संशोधनाची गोडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी आहे की नाही हे कळण्याआधी नोकरीचा प्रश्न सोडवायला बसणे व्यर्थ आहे, असे माझे अनुभवाने झालेले मत आहे.

म्हणून इतिहासाच्या एका निवृत्त प्राध्यापकांच्या सल्ल्याने मी तिला तीन आठवड्यांचे काम दिले. इ.स.पू. ३२६ मध्ये झेलमच्या काठी झालेल्या लढाईत पोरसाच्या सैन्यात हत्ती किती होते, एवढेच तिने शोधायचे, आणि तेही आयत्या लेखांतून न शोधता मूळ ग्रीक-रोमन लेखकांच्या इंग्रजी भाषांतरांतून शोधायचे.

ती परत आली ती चार पाने लिहून घेऊन. एरियन दोनशे हत्ती सांगतो, डायोडोरस एकशे तीस आणि कर्टियस पंच्याऐंशी. तिघांपैकी कोणीही लढाई पाहिलेली नव्हती. सर्वांत आधीचा डायोडोरस हाही लढाईनंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी लिहीत होता, आणि एरियन तर इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला. मी विचारले, “मग उत्तर काय?” ती म्हणाली, “मॅडम, आकडा कुठलाच धरता येत नाही. पण प्रत्येकाने तो कोणाकडून घेतला असेल, हे शोधता येईल. तेवढ्यासाठी मी दोन रात्री जागले.” आकडा हाती न लागल्याची निराशा तिच्या बोलण्यात अजिबात नव्हती. मला हवे होते ते उत्तर हेच होते.

त्यानंतरच आम्ही पैशाचा आणि वर्षांचा हिशेब मांडला, आणि या वेळी वडील समोर होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएच.डी.साठी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात. स्त्री संशोधकांना त्यापुढे आणखी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांपर्यंतची प्रसूती व बालसंगोपन रजा मिळू शकते. लग्न आणि संशोधन यांतले एकच काहीतरी निवडावे लागते, ही समजूत त्यामुळे बरीच सैल झाली. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळाली, तर पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात, आणि त्यासाठीची तीस वर्षांची वयोमर्यादा स्त्रियांना पाच वर्षांनी शिथिल आहे. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आपापल्या समाजघटकांसाठी आहेत. पण जाहिरात आपल्या सोयीच्या महिन्यात निघेल असे धरून घरखर्च आखू नये, हे मी प्रत्येकाला बजावते.

पुढच्या नोकरीबद्दल मी काहीच गोड करून सांगितले नाही. सहायक प्राध्यापकपदासाठी नेट किंवा सेट ही राज्याची पात्रता परीक्षा लागते, पीएच.डी. झाली तरी अनेकांना बरीच वर्षे तासिका तत्त्वावर, म्हणजे शिकवलेल्या तासांपुरत्या मानधनावर, काढावी लागतात. पुरातत्त्व खाते, संग्रहालये, अभिलेखागारे येथील जागा थोड्या. सुभेदारसाहेबांनी हे सारे एका कागदावर उतरवून घेतले आणि अट घातली की, नेटचे तीन प्रयत्न करायचे, त्यात जेआरएफ किंवा दुसरी अधिछात्रवृत्ती मिळाली नाही तर बी.एड. करायचे. मुलीने ती मान्य केली. मलाही ती योग्य वाटली, कारण मुदत ठरली की घरातला रोजचा वाद थांबतो.

खरी अडचण त्यानंतर आली आणि ती विषयाचीच होती. “मौर्यकालीन युद्धनीती” ऐकून प्राध्यापकांनी तिला विचारले, “तुझे संस्कृत कितपत आहे? प्राकृत? ब्राह्मी वाचता येते?” तिचे संस्कृत दहावीपर्यंतचे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी ग्रंथपाल शामशास्त्र्यांच्या हाती म्हैसूरला १९०५ मध्ये आली आणि १९०९ मध्ये तो ग्रंथ छापला गेला, तेव्हापासून तो मौर्यकाळचा की नंतरच्या शतकांतला, हा वाद चालूच आहे. मूळ संस्कृत न वाचता त्या वादात एक ओळसुद्धा लिहिता येत नाही. सैन्याचे मौल, भृत, श्रेणी, मित्र, अमित्र आणि आटविक असे सहा प्रकार तिला पाठ होते, परंतु पाठ असणे आणि त्या शब्दांवर स्वतःचे काही म्हणणे मांडणे यांत पाच वर्षांचा अभ्यास आहे. ग्रीक लेखकांचे तेच. ज्या भाषेत साधने आहेत ती भाषा येत नसेल, तर विषय कितीही आवडता असला तरी तो आपला नव्हे, असे प्राध्यापक तिला स्पष्टपणे म्हणाले. तिला ते फार लागले. पुढचे दोन आठवडे तिने मला फोन केला नाही.

तिसऱ्या आठवड्यात ती मोबाइलमधला एक फोटो दाखवायला आली. गावाबाहेरच्या महादेवाच्या देवळामागे अर्धा मातीत रुतलेला वीरगळ, म्हणजे झुंजीत पडलेल्या वीराच्या आठवणीचा कोरीव दगड, शेंदराने माखलेला. खालच्या चौकटीत पडलेला वीर आणि बाजूला गायी, मधल्या चौकटीत ढाल-तलवारीची झुंज, त्यावर अप्सरा त्याला वर नेत आहेत, सर्वांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. सुभेदारसाहेब लहानपणापासून त्याला नारळ वाढवत आले होते, पण त्या दिवशी प्रथमच ते त्यापुढे उकिडवे बसले आणि मुलीला म्हणाले, “याची ढाल बघ किती खाली आली आहे. हा दमलेला माणूस आहे.” हे सांगताना तिचा आवाज बदलला होता.

आपल्या सातारा-सांगली-कोल्हापूर भागात असे वीरगळ गावोगावी आहेत. पुष्कळसे शिलाहार-यादवांच्या काळातले मानले जातात आणि बहुतेकांवर लेख नसतो. म्हणून शस्त्रे, घोडे, पोशाख आणि झुंजीची मांडणी यांच्या बारीक नोंदी करूनच त्यांचा अभ्यास करावा लागतो. राजाने कोरवलेल्या प्रशस्तीत जिंकणारा बोलतो. वीरगळावर गुरे राखताना मेलेला गावचा माणूस असतो. यासाठी तिला प्राचीन हा शब्द आणि मौर्य दोन्ही सोडावे लागणार होते, कारण हा काळ पूर्वमध्ययुगाचा. ते सोडणे सोपे नव्हते आणि मी तिला घाई केली नाही. संस्कृत आणि हळेकन्नड, म्हणजे जुनी कन्नड, शिकावे लागेल, हेही तिने आता आधीच विचारून घेतले.

पहिल्या प्रयत्नात तिला नेट मिळाली नाही. दुसऱ्या प्रयत्नात ती पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र ठरली, जेआरएफ मात्र थोडक्यात हुकली. सहायक प्राध्यापक दर्जाच्या मार्गदर्शकाला एका वेळी चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे तिला हव्या असलेल्या मार्गदर्शकांकडे जागा रिकामी होण्याची ती वाट पाहत आहे, आणि ही पात्रता वर्षभरच टिकत असल्याने तिसऱ्या प्रयत्नाची तयारीही चालू आहे.

गेल्या महिन्यात ती वह्या दाखवून गेली. एकतीस वीरगळांची उंची, रुंदी, चौकटींची संख्या, प्रत्येक शस्त्राचे रेखाटन. त्यांतल्या सात दगडांची मोजमापे सुभेदारसाहेबांच्या टपोऱ्या अक्षरांत होती.