बोनस, बॉक्सिंगची कार्डं आणि कॉलेजची फी

न्यू जर्सीच्या एका वाचकांचा प्रश्न: बोनसचे 20,000 डॉलर आले आहेत. बॉक्सरांची चित्रं छापलेली जुनी कार्डं जमवण्याचा नाद पंधरा वर्षांचा. सगळी रक्कम कॅशियस क्लेचं 1960चं स्वीडिश कार्ड आणि 1951च्या 'टॉप्स रिंगसाइड' या कार्डसंचातला रॉकी मार्सियानो यांत घालावी म्हणतात. मुलगी दोन वर्षांत कॉलेजात जाईल. बायकोचा विरोध आहे. "शेअरपेक्षा हे बरं नाही का?"

तुमची निवड चुकीची नाही, आधी तेवढं मान्य करतो. मार्सियानो 49 लढतींत एकही न हरता निवृत्त झाला आणि क्लेचा पुढे मुहम्मद अली झाला. ही नावं विसरली जाणार नाहीत. पण क्लेचं कार्ड 'हेमेट्स जर्नल' या साप्ताहिकाच्या पानावर छापलेलं होतं, वाचकांनी ते कात्रीने कापलं. म्हणजे कडा प्रत्येकाच्या वेगळ्या. ग्रेडिंगच्या, म्हणजे कार्डाच्या अवस्थेला गुण देण्याच्या, दहाच्या पट्टीवर एक-दोन अंक इकडेतिकडे झाले की किमतीत मोठा फरक पडतो. सीलबंद, ग्रेड झालेलं नसेल तर हात लावू नका.

आता हिशेब. समजा 20,000ची कार्डं पाच वर्षांनी 25,000ला गेली. दलाली, टपाल, विमा मिळून 13 टक्के धरले, तर 3,250 गेले. हातात 21,750. नफा 1,750. अमेरिकेत संग्राह्य वस्तूंच्या दीर्घकालीन नफ्यावर कर 28 टक्क्यांपर्यंत जातो, शेअरसारखा 15 किंवा 20 नाही. 490 त्यात गेले, उरले 1,260. पाच वर्षांत! बँकेतल्या ठेवीनेही एवढं सहज दिलं असतं. कार्ड ना लाभांश देतं, ना व्याज.

माझ्या काकांचा टपाल तिकिटांचा संग्रह विकायला काढला, तेव्हा कॅटलॉगमधली किंमत आणि दुकानदाराने बोललेला आकडा यांतलं अंतर बघून काकू दोन दिवस बोलल्या नव्हत्या. गिऱ्हाईक शोधावं लागतं, आणि ते तुमच्या सवडीने येत नाही. तुमची विकायची सवड तर मुलीच्या फीची तारीख ठरवणार आहे.

कोरोनाकाळात चढलेल्या किमती पाहून भुलू नका. 2021च्या मार्चमध्ये पीएसए या ग्रेडिंग कंपनीकडे इतकी कार्डं साचली की तिला बहुतेक सेवा तात्पुरत्या थांबवाव्या लागल्या. नंतर बऱ्याच कार्डांचे भाव खाली आले. गर्दी कार्डांवरच्या प्रेमापोटी नव्हती.

तेव्हा 18,000 कॉलेजसाठी सुरक्षित ठेवा. शेअरमध्येही नको, दोन वर्षं फार कमी आहेत. 2,000 नादाला. त्यात मोठी नावं सोडून रिंगसाइडचा 96 कार्डांचा संच मध्यम अवस्थेत हळूहळू भरत न्या. 49 ते 96 क्रमांकाची दुसरी मालिका दुर्मीळ आहे, मजा तिथेच आहे. आणि बायकोला हिशेब दाखवा, कार्डं नंतर.