कराटे नको, अर्ज द्या

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. तो अंगाने जाड आहे. दिवाळीपासून वर्गातली चार-पाच मुलं त्याला ‘डबल सीट’ म्हणतात, दप्तर लपवतात, एकदा चप्पल भिंतीपलीकडे फेकली. वर्गशिक्षक म्हणतात, मुलांची मस्करी असते, तुमचाच जरा हळवा आहे. याचे बाबा म्हणतात, एकदा उलटून ठेवून दे. मार्क घसरलेत. संध्याकाळी डोकं दुखतं म्हणतो. डोळे तपासले, नंबर नाही. पाणी प्यायचाही आळस, बाटली भरलेलीच घरी आणतो. कराटे लावू का, की शाळाच बदलू? – एक आई

ताई, तुमच्या पत्रातलं थोडंच वर छापलंय. मार्कांवर दीड पान आहे आणि बाटलीवर एक ओळ. मला त्या ओळीबद्दलच बोलायचंय.

सांगलीच्या उन्हात तेरा वर्षांचं पोरगं दिवसभर घोटभर पाणी पीत नाही आणि तुम्ही त्याला आळस म्हणता? शाळेतून आल्या आल्या तो कुठे जातो, ते कधी बघितलंत? दप्तर पाठीवर ठेवूनच बाथरूमकडे पळत असेल, तर कसला आळस ते कळेल.

पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं. वर्गात सर असतात, मैदानावर पीटीचे सर, गेटवर शिपाई. मुतारीकडे मधल्या सुट्टीत कोणी मोठं माणूस फिरकत नाही. दारात ती चौघं उभी असली, तर एकट्याने आत जायचं कसं? आत दार ओढून धरतात, पाणी उडवतात की पँट ओढतात, हे त्यालाच ठाऊक, कारण तुम्ही विचारलेलंच नाही. ‘आज कोणी त्रास दिला का?’ या प्रश्नाला मुलं ‘नाही’ म्हणून मोकळी होतात. आज रात्री लाईट घालवल्यावर एवढंच विचारा : शाळेत लघवीला जातोस का? आणि तो बोलायला लागला की मध्ये तोंड घालू नका.

दिवसभर पाणी नाही, तर डोकं दुखायला चष्म्याचा नंबर कशाला हवा? लघवी तुंबवण्याची सवय वाईट. जळजळ होते म्हणाला तर डॉक्टरकडे न्या.

वर्गशिक्षकांसाठी एक. नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्व्हेअस यांनी शाळेतल्या छळाच्या तीन खुणा सांगितल्या आहेत : मुद्दाम केलेला, पुन्हापुन्हा केलेला, आणि दोन्ही बाजूंचं बळ सारखं नसलेला. इथे चार-पाच विरुद्ध एक, तेही दिवाळीपासून. यात मस्करी कुठे आहे ते त्यांनी दाखवावं.

कराटे आवडत असेल तर लावा की. पण पिवळा पट्टा मिळेपर्यंत पोराने लघवी धरून बसायचं का? शिवाय क्लास लावलात, शाळा बदललीत, की त्याला एकच कळतं : खोट माझ्यात आहे. बाबांचं ‘ठेवून दे’ तर सोडूनच द्या. याने एकदा हात उचलला की दुसऱ्या दिवशी शाळेचं बोलावणं तुमच्याच घरी येईल.

उद्या सकाळी मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. तोंडी नको, व्हॉट्सॲपवर तर नकोच. काय काय झालं ते चार ओळींत लिहा आणि मागणी एकच ठेवा : मधल्या सुट्टीत आणि शाळा सुटताना मुतारीपाशी शिक्षक किंवा शिपाई उभा पाहिजे. मुलांची नावं या अर्जात नकोत; नावं आली की चार घरचे पालक भांडायला येतात आणि मुतारी राहते बाजूला. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घ्या, पोच घेतल्याशिवाय उठू नका. आठ दिवसांत तिथे कोणी उभं राहिलं नाही, तर तीच पोच जोडून जिल्हा परिषदेत माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. आणि आज रात्री त्याने मारहाणीचं किंवा कपडे उतरवल्याचं सांगितलं, तर आठ दिवस कसले, लगेच 1098 ला, मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, फोन करा.

याच्या बाबांनाही सोबत न्या. त्यांनी बोलायचं नाही, शेजारच्या खुर्चीत नुसतं बसायचं.