बीटी आणि साध्या सरकीतल्या प्रथिनांत नेमका फरक काय असतो? ढेप खाणाऱ्या म्हशीच्या दुधात काही उतरतं का?

मी बियाणं तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो, त्यामुळे सरकी कुटून त्यात क्राय प्रथिन, म्हणजे बीटी कपाशीत जनुक घालून आणलेलं अळीमारक प्रथिन, आहे का हे बघणं रोजचंच आहे.

फरक आहे, पण मोजक्या प्रथिनांचा. सरकीच्या वजनातला साधारण पाचवा हिस्सा प्रथिनांचा असतो आणि त्यातली बहुतेक प्रथिनं अंकुराला पोसण्यासाठी साठवलेली असतात. ती बीटीतही असतात, साध्यातही. 2002 साली आपल्याकडे परवानगी मिळालेल्या बोलगार्ड या पहिल्या बीटी कपाशीत मातीतल्या बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं क्राय1एसी हे प्रथिन आलं. 2006 च्या बोलगार्ड-2 मध्ये क्राय2एबीची भर पडली. ही दोन्ही सरकीत इतकी कमी असतात की एका ग्रॅममागे मायक्रोग्रॅममध्ये मोजावी लागतात.

क्राय हे एन्झाइम नव्हे. ते अळीच्या आतड्यातल्या ठरावीक जागी चिकटून तिथे भोकं पाडतं. एन्झाइम म्हणाल तर दोन आहेत, तीही जनुक शिरलेली रोपं प्रयोगशाळेत ओळखता यावीत म्हणून घातलेली: कॅनामायसिन हे प्रतिजैविक निकामी करणारं एनपीटी-2 आणि बोलगार्ड-2 मध्ये जीयूएस. शेतात त्यांना काही काम नाही. चोर बीटीची गोष्ट वेगळी. तणनाशकाला दाद न देणाऱ्या त्या बियाण्याला आपल्याकडे मंजुरी नाही, तरी पेरलं जातंच. ग्लायफोसेट हे तणनाशक झाडाचं ईपीएसपीएस हे एन्झाइम बंद पाडतं, मग काही अमिनो आम्लं तयार होत नाहीत आणि झाड वाळतं. चोर बीटीत त्याच कामाचं जिवाणूकडचं एन्झाइम असतं, त्यावर ग्लायफोसेट चालत नाही. माणसात आणि गुराढोरांत ही यंत्रणाच नसते.

आता एक मजेशीर भाग. बहुतेक संकरित बीटी वाणांत जनुक एकाच पालकाकडून आलेलं असतं. म्हणून पाकिटातल्या बीटी बियाण्याचं झाड पूर्ण बीटी असलं, तरी त्याच्या बोंडातल्या सगळ्या सरक्या सारख्या नसतात. एका जनुकाचा हिशेब धरला तर चारातली एक सरकी त्या प्रथिनाशिवाय निघते. बोलगार्ड-2 मध्ये दोन्ही प्रथिनं नसलेली सोळात एक. एका बोंडात तीसेक सरक्या धरल्या तर दोनेक अगदी साध्याच! त्यामुळे तुम्ही जी 'बीटीची ढेप' म्हणता, ती मुळातच मिश्र सरकीची असते. गुलाबी बोंडअळी तर बोंडात शिरून सरकीच खाते. तिला त्याच बोंडात बीटी आणि बिनबीटी असं दोन्ही मिळतं, आणि थोडं विष पचवून जगलेल्या अळ्यांची पुढची पिढी चिवट होत जाते. झाड जुनं होईल तसं क्राय कमी होतं, ते वेगळंच. 2017 साली विदर्भ-मराठवाड्यात बोंडं सडली, त्यामागे ही कारणंही होती. ज्याच्यावर खरी चर्चा व्हायला हवी ते हे आहे. दुधाबद्दलची भीती मला तरी उगाच वाटते.

तरी दुधाचं सांगतो. अळीचं आतडं बरंच अल्कधर्मी असतं, क्राय तिथे विरघळून जागं होतं आणि चिकटायला जागाही मिळते. म्हशीच्या आतड्यात तशी जागा नसते. पोटातले जिवाणू आणि पुढचं आम्ल इतर प्रथिनांसारखं त्यालाही तोडून टाकतात. दुभत्या गाईंना बीटी खाद्य घालून केलेल्या चाचण्यांत दुधात क्राय आढळलेलं नाही. सरकीच्या रिफाइंड तेलात तर प्रथिन जवळपास राहतच नाही.

म्हणून नवं प्रथिन आलं की डोळे मिटून घ्या, असं मी म्हणत नाही. ब्राझील नटाचं प्रथिन सोयाबीनमध्ये घातलं, तेव्हा नटाची अ‍ॅलर्जी असलेल्यांना त्याचा त्रास होईल हे 1996 मध्ये तपासणीतच कळलं आणि ते वाण बाजारात आलंच नाही. तपासणी करायची ती यासाठीच.

ढेपेत बघायचंच तर गॉसिपॉल बघा. ते कपाशीचं स्वतःचं विष, बीटी असो वा साधी, दोन्हीत असतं. मोठी म्हैस बेताची ढेप पचवते, पण लहान वासरांना सरकी-ढेप घालू नका. आणि पावसात भिजलेली, बुरशीचा वास येणारी ढेप कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, कारण बुरशीचं अफ्लाटॉक्सिन हे विष मात्र खरोखर दुधात उतरतं.