पाम बीच रोडवर रोज भर उन्हात बाईक चालवतो, उन्हाने खराब झालेला डीएनए आपोआप नीट होतो का?

हो, बहुतेक होतो, काही तासांपासून ते एक-दोन दिवसांत. मी वाशीत बारावीला बायोलॉजी शिकवते, मे महिना आला की हा प्रश्न येतोच. तर उन्हातल्या यूव्ही (अतिनील) किरणांमुळे डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एकाच धाग्यावरची शेजारची दोन अक्षरं (म्हणजे बेस), बहुतेकदा थायमिन, एकमेकांना चिकटतात, तिथे धागा वाकतो आणि कॉपी काढणारं एन्झाइम अडकतं. मग पेशीतली प्रोटीन्स तो वाकडेपणा हुडकतात, दोन्ही बाजूंनी कापून साधारण २४ ते ३२ अक्षरांचा तुकडाच काढून टाकतात (दोन अक्षरांसाठी एवढं, पण असंच आहे), समोरचा धागा शाबूत असतो त्यावर बघून पॉलिमरेज नावाचं एन्झाइम नवीन अक्षरं भरतं आणि लायगेज हे दुसरं एन्झाइम शेवटचा टाका घालतं, अगदी साडीला रफू करतात तसं. अझीझ सान्जार यांना २०१५ चं केमिस्ट्रीचं नोबेल ह्याच कामासाठी मिळालं, लिंडाल आणि मॉड्रिच पण सोबत होते, त्यांचे दुरुस्तीचे प्रकार वेगळे. नुकसान जास्तच असेल तर पी५३ नावाचं प्रोटीन पेशीचं विभाजन थांबवतं, तरी जमलं नाही तर तिला मरायलाच लावतं. फक्त एक आहे, दुरुस्तीच्या आधीच पेशीने कॉपी काढली तर चूक कायमची बसू शकते आणि अशा चुका वर्षानुवर्षं साठत जातात, म्हणून फुल बाह्यांचा शर्ट घाला आणि सनस्क्रीन मानेला पण लावा, हेल्मेटखाली तीच उघडी राहते.