आधी घाट, मग जहाज

मागच्या अंकात न्यूझीलंडच्या दोन बेटांमधल्या प्रवासी-वाहन जहाजसेवेच्या वादावर चार ओळींची बातमी छापली होती. जहाजांची ऑर्डर दिली, सरकार बदललं, ऑर्डर रद्द झाली, एवढंच तिच्यात होतं. त्यावर वैनगंगेकाठच्या गावांतून इतकी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. पण गोसेखुर्द धरणाचं पाणी ज्यांच्या शिवारात शिरलं, त्यांना हा विषय घरचाच आहे. निवडक प्रश्न आणि उत्तरं देत आहोत.

प्रश्न : जहाजाचे पैसे ठरले होते, कारखाना ठरला होता. मंग काम अडलं कायले? खरी चूक कोनाची? (एक वाचक, लाखांदूर तालुका)

आधी जागा समजून घ्या. उत्तर बेटावरचं वेलिंग्टन आणि दक्षिण बेटावरचं पिक्टन यांच्यामध्ये कुक सामुद्रधुनी आहे. जहाजाचा मार्ग सुमारे 92 किलोमीटरचा आणि वेळ साडेतीन तासांच्या आसपास. माणसं, मोटारी, ट्रक आणि रेल्वेचे डबेसुद्धा जहाजातून जातात. सरकारी रेल्वे कंपनी, किवीरेल, ही सेवा चालवते. तिची जहाजं म्हातारी झाली होती. 28 जानेवारी 2023 ला ‘कायताकी’ या जहाजाची इंजिनं भर समुद्रात बंद पडली. जहाजावर 864 माणसं होती आणि वारा त्याला खडकाळ किनाऱ्याकडे लोटत होता. नांगर धरले म्हणून निभावलं. कारण काय निघालं? इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळीतला एक रबरी जोड फुटला होता. बसवून त्याला पाचेक वर्षंच झाली होती, पण रबर तयार होऊन 18 वर्षं उलटली होती. फडताळात पडून राहिलेला मोटारपंपाचा वायसर नवा म्हणून बसवावा आणि ओलिताच्या ऐन दिवसांत तो फाटावा, तसाच हा प्रकार.

नवी जहाजं घ्यायची हा निर्णय त्याआधीच झाला होता. 2021 मध्ये दक्षिण कोरियाच्या ह्युंदाई मिपो गोदीला दोन जहाजांची ऑर्डर दिली. किंमत 55 कोटी 10 लाख न्यूझीलंड डॉलर, तीही बांधील. प्रत्येक जहाज 220 मीटर लांब, पोटात रेल्वेचे रूळ. सौदा महागडा म्हणता येणार नाही. घोडं अडलं ते घाटावर. एवढं लांब-रुंद जहाज जुन्या धक्क्याला लागत नव्हतं, म्हणून दोन्ही काठांवर नवे धक्के, नवे उतार, नवे रूळ हवे होते. वेलिंग्टन भूकंपाच्या पट्ट्यात आहे, तिथे पाया घालायचा खर्च वेगळाच. 2021 मध्ये पूर्ण प्रकल्पाचा अंदाज 145 कोटी डॉलरचा होता, तो 2023 च्या शेवटी 300 कोटींच्या घरात गेला. त्यात जहाजांचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास, बाकी बहुतेक काठावरचं काम.

डिसेंबर 2023 मध्ये नव्या सरकारच्या अर्थमंत्री निकोला विलिस यांनी वाढीव 147 कोटी डॉलर द्यायला नकार दिला आणि प्रकल्प बंद झाला. कोरियन गोदीशी पुढे 14 कोटी 40 लाख डॉलरवर तडजोड झाली, म्हणजे जहाज न घेता पैसे गेले. आता चीनमधल्या गोदीत नवी जहाजं बांधायची आहेत आणि ती 2029 मध्ये यायची आहेत. रूळ असलेलं एकुलतं एक जुनं जहाज ‘आराटेरे’ ऑगस्ट 2025 मध्ये निवृत्त झालं. नवी जहाजं येईपर्यंत रेल्वेचा माल एका काठावर डब्यातून उतरवून ट्रेलरवर चढवायचा आणि पलीकडे पुन्हा डब्यात भरायचा. दुहेरी हमाली!

चूक कोणाची, यावर तिथले दोन्ही पक्ष अजून भांडतात. आमच्या मते पहिली चूक जहाजाची ऑर्डर घाटाचा आराखडा पक्का व्हायच्या आधी देण्याची होती. दुसरी, घाटाचा खर्च कमी करता येतो का हे न बघता स्वस्तात मिळालेली जहाजं सोडून देण्याची. नव्या योजनेत जहाजं थोडी लहान, सुमारे 200 मीटरची आहेत आणि वेलिंग्टनचं जुनं बांधकाम शक्य तेवढं वापरायचं ठरलं आहे. हेच गणित 2021 मध्ये मांडता आलं असतं.

प्रश्न : त्यापेक्षा पूल का बांधत नाहीत? (विद्यार्थिनी, ब्रह्मपुरी)

सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागीही 22 किलोमीटरच्या आसपास आहे. शिवाय खोल पाणी, जोरकस प्रवाह, बेफाम वारा आणि भूकंप. 50 लाखांच्या आसपास लोकसंख्येच्या देशाला ते झेपण्यासारखं नाही.

प्रश्न : हे फक्त त्यांच्याकडेच होतं की इतर देशांतही? (निवृत्त शिक्षक, आरमोरी)

सगळीकडे होतं गुरुजी. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानिया बेटासाठी फिनलंडमध्ये दोन मोठी जहाजं बांधली. 2024 मध्ये पहिलं जहाज तयार झालं, पण टास्मानियाच्या डेव्हनपोर्ट बंदरातला नवा धक्का तयार नव्हता. नवंकोरं जहाज स्कॉटलंडच्या लीथ बंदरात बांधून ठेवावं लागलं आणि इकडे त्या खात्याच्या मंत्र्याला पद सोडावं लागलं.

स्कॉटलंडची स्वतःची कथा तर आणखी लांबली. तिथल्या बेटांसाठी 2015 मध्ये दोन जहाजांची 9 कोटी 70 लाख पौंडांची ऑर्डर दिली. 2017 मध्ये पहिल्या जहाजाचं, ‘ग्लेन सॅनॉक्स’चं, जलावतरण मंत्र्यांच्या उपस्थितीत झालं, तेव्हा त्याला खिडक्यासुद्धा बसवलेल्या नव्हत्या, नुसत्या रंगवल्या होत्या. ते जहाज प्रवासी घेऊन निघालं जानेवारी 2025 मध्ये. तेव्हाही नेहमीच्या आर्ड्रोसन बंदराचं काम झालेलं नसल्याने ट्रूनहून सुटलं. मधल्या काळात गोदी दिवाळखोरीत जाऊन सरकारच्या गळ्यात पडली.

आपल्या देशातलं उदाहरण गुजरातचं. घोघा ते दहेज रस्त्याने साडेतीनशे किलोमीटरहून जास्त, समुद्राने 31. ऑक्टोबर 2017 मध्ये प्रवासी आणि 2018 मध्ये वाहनं सुरू झाली. 2019 मध्ये दहेजच्या बाजूला गाळ साचून जहाजाला पुरेसं पाणी उरेना, तेव्हा सेवा थांबली. खंभातच्या आखातात भरती-ओहोटीचा फरक 10 मीटरच्या आसपास जातो आणि पाण्याबरोबर गाळही येतो. गाळ एकदा काढून भागत नाही, कायम काढावा लागतो. 2020 मध्ये मार्ग बदलून घोघा ते हजिरा अशी सेवा सुरू झाली.

प्रश्न : एवढं मोठं जहाज, आत थोडं पाणी शिरलं तर उलटतं कसं? (एक वाचक, देसाईगंज)

घरातली परात पाण्याने अर्धी भरा आणि दोन्ही हातांनी उचलून चाला. हात जरा तिरपा झाला की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि परात आणखी तिरपी होते. वाहनं नेणाऱ्या जहाजाचा खालचा मजला आडभिंती नसलेला एक लांबलचक हॉल असतो, गाड्या एका तोंडाने चढून दुसऱ्या तोंडाने उतराव्यात म्हणून. त्या मजल्यावर वीतभर पाणी आलं तरी ते एका कुशीला जमतं आणि जहाजाला सावरू देत नाही. एवढंच पाणी तळाशी लहान-लहान कप्प्यांत असतं तर फारसं बिघडलं नसतं. 10 एप्रिल 1968 ला वेलिंग्टनच्या तोंडाशी वादळात ‘वाहीने’ जहाज खडकावर आदळलं, गाड्यांच्या मजल्यावर पाणी पसरलं आणि ते कुशीवर आडवं झालं. त्या दिवशी 51 माणसं गेली.

प्रश्न : गोसेखुर्दच्या फुगवट्यामुळे आमची निम्मी शेती पलीकडे गेली. आज दोन डोंगे बांधून, वर फळ्या टाकून मोटारसायकली नेतो. ट्रॅक्टर नेता येईल असा लोखंडी तराफा शासनाकडे मागायचा ठराव ग्रामसभेत घ्यायचा आहे. ठरावात काय लिहावं? (शेतकरी, पवनी तालुका)

भाऊ, ठरावात पहिला शब्द ‘तराफा’ लिहू नका, ‘घाट’ लिहा. वर न्यूझीलंडची कथा लांबवून सांगितली ती यासाठीच.

धरणाची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची उंची, समुद्रसपाटीपासून 245.50 मीटर. पाणी काही बारा महिने तिथे राहत नाही. पाटबंधारे खात्याच्या शाखा कार्यालयातून मागच्या तीन वर्षांच्या रोजच्या पातळीचा उतारा मागा आणि तुमच्या घाटावर पाणी किती खाली जातं ते काढा. समजा 4 मीटर उतरतं. ट्रॅक्टरला चढायला 1 मीटर उंचीला 8 मीटर लांबी असा उतार बरा पडतो. म्हणजे घाटाचा रपटा 32 मीटर लांब हवा, तोही दोन्ही काठांना. 10 मीटरचा सिमेंटचा तुकडा करून दिला तर माघ लागता लागता तराफा चिखलात आणि घाट वर कोरडा उभा, अशी गंमत होईल. रपट्यावर आडव्या खाचा पाडून घ्या, नाहीतर शेवाळावर चाक जागेवरच फिरतं. पायथ्याशी गाळ दरवर्षी बसणार, तो उपसायचा खर्चही ठरावातच मागा.

आता तराफा. दोन बंद लोखंडी टाक्या धरा, प्रत्येकी 8 मीटर लांब, 1.2 मीटर रुंद, 1 मीटर उंच. दोघींमध्ये अंतर ठेवून वर फळ्यांचा मजला. पाण्याला टेकणारा पसारा 19.2 चौरस मीटर, म्हणजे दर 192 किलो वजनाला तराफा 1 सेंटिमीटर बुडतो. लोखंड आणि मजल्याचं वजन साडेपाच टन धरलं तर रिकामाच 28-29 सेंटिमीटर पाण्यात बसेल. त्यावर 2 टनांचा ट्रॅक्टर मधोमध उभा केला तर आणखी साडेदहा. इथवर ठीक.

गडबड होते ती चढताना. तोच ट्रॅक्टर कडेला असतो तेव्हा ती कड 10 नव्हे, 37 सेंटिमीटरच्या आसपास खाली जाते आणि दुसरी कड उचलते. म्हणून चढ-उताराच्या वेळी तराफ्याचं टोक रपट्यावर टेकलेलं आणि दोन्ही कोपरे दोरांनी खुंट्यांना ताणून बांधलेले पाहिजेत. दोर ढिला असला तर पुढचं चाक फळीवर येताच तराफा मागे सरकतो आणि ट्रॅक्टर मधल्या फटीत पडतो. भरलेली ट्रॉली जोडून नेऊ नका. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि धानाची पोती मिळून साडेआठ टन झाले तर मधोमध उभं करूनही तराफा 70 सेंटिमीटरच्या वर बुडतो, आणि कडेला तर ती कड पाण्याखालीच जाईल. ट्रॅक्टर एका खेपेला, रिकामी ट्रॉली दुसऱ्या खेपेला, पोती तिसऱ्या.

प्रत्येक टाकीत आतून आडभिंती घालून किमान चार कप्पे करून घ्या आणि प्रत्येकाला झाकण ठेवा. दर आठवड्याला झाकण उघडून आत पाणी झिरपलं का ते बघायचं. परातीचा नियम इथेही लागू आहे. टाकीच्या बाहेरून, तळापासून 65 सेंटिमीटरवर पांढरा पट्टा मारा. पट्टा पाण्याला लागला की माणूस असो की बकरी, एकही जास्त नको.

कागदपत्रांचं थोडक्यात. 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्याप्रमाणे यंत्रावर चालणाऱ्या नावेला नोंदणी, तपासणी, चालकाचं प्रमाणपत्र आणि विमा लागतो. राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. वर्षाच्या तपासणीचा आणि चालकाच्या पगाराचा खर्च कोण करणार हे ठरावात स्पष्ट लिहा. आणि चालक बाहेरून आणू नका. पाण्याखाली उभी खोडं कुठे आहेत, जलपर्णी कोणत्या वाऱ्याला कोणत्या काठी जमते, हे तुमच्या ढिवर बांधवांना जेवढं माहीत आहे तेवढं कोणत्या नकाशात नाही. त्यांच्यातल्याच दोघांना प्रमाणपत्र मिळवून द्या.

प्रश्न : आमच्याकडे नाव आहे, जॅकेटंही आली, पण बाया घालत नाहीत. सक्ती करावी का? (सरपंच, चामोर्शी तालुका)

करा. तुमच्याच तालुक्यात, गणपूरजवळ, जानेवारी 2024 मध्ये मिरची तोडायला निघालेल्या बायांची नाव वैनगंगेत उलटली. त्याच वर्षी मे महिन्यात उजनीच्या फुगवट्यात कळाशीजवळ वादळी वाऱ्याने नाव बुडाली आणि सहा जण गेले. धरणाचं पाणी वरून निवांत दिसतं, पण मैलभर उघड्या पाण्यावरून वावधन, म्हणजे वादळी वारा, आलं की दहा मिनिटांत लाट नावेच्या काठावर येते. वैशाख-जेठात दुपारी तीननंतर आभाळ काळवंडलं की खेप बंद, असा फलकच घाटावर लावा. धरणाची दारं उघडल्याचा निरोप आला की त्या दिवशीही बंद. गोसेखुर्दला 33 दारं आहेत, त्यातली थोडी उघडली तरी खालच्या नदीची ओढ बदलते.

बाया जॅकेट का घालत नाहीत, हेही विचारून पाहा. बहुतेक वेळा ते ओलं, कुबट वास मारणारं आणि पुरुषी मापाचं असतं. लुगड्यावर पट्टा बसत नाही, डोक्यावर डबा असला की मान अडते. लहान मापाची वेगळी मागवा आणि वापरून झाल्यावर दोरीवर सावलीत वाळत घाला. पोरांना मोठ्यांचं जॅकेट देऊ नका, पाण्यात पडल्यावर ते वर निघून जातं आणि पोरगं खाली राहतं. पायांमधून जाणारा पट्टा असलेलंच पोरांसाठी घ्या. आणि नावेत बसल्यावर नव्हे, घाटावरच बांधायला लावा, कारण हलत्या नावेत उभं राहून पट्टे बांधायला गेलं की नाव तिथेच कलंडते.