थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला बिन्स न्यायच्या आहेत? मग हे वाच

तुझा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये तू कोल्हापुरातल्या राजारामपुरीतून थेट अमेरिकेत ओहायोला निघणार आहेस. नवऱ्याच्या साहेबांनी आत्तापासूनच थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे तिकडच्या नोव्हेंबरातल्या मोठ्या सणाच्या, जेवणाचं आमंत्रण देऊन ठेवलंय आणि साहेबांच्या बायकोनं "हिरव्या बिन्सचं काहीतरी आणाल का?" असं विचारलंय. तर काय करू, घरची कांदा-लसूण चटणी घालू का, कोल्हापुरातून काय बांधून नेऊ, आणि गुरुवारचा उपवास असतो त्याचं काय करू. मी मंगळवार पेठेतली, लग्न होऊन ओहायोतल्याच कोलंबसला आले आणि इथलीच झाले. ताई म्हणालीस म्हणून एकेरीतच लिहिते.

आधी निकाल सांगून टाकते. चटणी बिन्समध्ये घालू नकोस. वाटीत वेगळी ने, हवं तर. कोल्हापूरची ओळख करून द्यायला पुढं वर्षभर पडलंय, त्यांना घरी बोलाव आणि खुशाल तांबडा-पांढरा कर. पण त्या दिवशीचं ताट ठरलेलं असतं. आपल्या पुरणपोळीच्या ताटात कटाच्या आमटीच्या जागी कुणी पनीर माखनी आणून ठेवली तर आजी तोंडानं काही बोलणार नाही, पण बघेल कशी ते तुला माहीत आहे. टर्की हा भाजलेला मोठा पक्षी, कुस्करलेला बटाटा, स्टफिंग म्हणजे पावाचं सारण, क्रॅनबेरी ह्या आंबट फळाचा सॉस, भोपळ्याची 'पाय' नावाची गोड पेस्ट्री, आणि त्यात ह्या बिन्स. लहानपणापासून खाल्लेली चव त्यांना त्या जागी हवी असते.

त्यामुळे आधी त्या बाईंना एवढंच विचार: "कॅसरोल करू की साध्या बिन्स?" कॅसरोल म्हणजे घट्ट सूपमध्ये कालवून ओव्हनमध्ये भाजलेल्या बिन्स. ह्यावर सगळं ठरतं.

कॅसरोल म्हणाल्या, तर तो पदार्थ कंपनीच्या स्वयंपाकघरात जन्मलेला आहे हे ध्यानात ठेव. १९५५ साली न्यू जर्सीतल्या कॅम्डेनला कॅम्पबेल सूप कंपनीत डॉर्कस रायली नावाच्या बाई नोकरीला होत्या, त्यांनी तो बसवला. कुणाच्याही फडताळात सापडेल अशा सामानातून झटपट काहीतरी व्हावं, एवढाच हेतू. आता त्याच्याशिवाय कितीतरी घरांत सण होत नाही. सुगरणपणा दाखवायची ही जागा नव्हे, डब्यावर लिहिलंय तसंच करायचं. चार कप शिजलेल्या बिन्स, मशरूम सूपचा साडेदहा औंसांचा एक डबा, अर्धा कप दूध, एक छोटा चमचा सोया सॉस, चिमूटभर मिरपूड आणि तयार तळलेला कांदा. तळलेल्या कांद्यातला अर्धा आत कालवायचा, ओव्हनमध्ये ३५० फॅरनहाइटला पंचवीस मिनिटं ठेवायचं, मग ढवळून उरलेला कांदा वर पसरून आणखी पाच मिनिटं. हे सहा जणांपुरतं. दहा-बारा माणसं असतील तर सगळं दुप्पट घे, तळलेल्या कांद्याचा सहा औंसांचा डबा तेवढ्याला बरोबर पुरतो. सूपच्या डब्यात पाणी घालून सूप करायचं नाही, तो घट्ट गोळा तसाच वापरायचा. आणि वरून मीठ अजिबात नाही, सूप खारटच असतं. चिकनच्या सूपचा डबा मशरूमच्या शेजारीच आणि दिसायला तसाच असतो, तेव्हा डबा उचलताना नाव वाच.

"काहीही चालेल" म्हणाल्या, तर मात्र माझं ऐक आणि शेगडीवरचं कर. कारण साधं आहे: त्या दिवशी यजमानांचा ओव्हन टर्कीनं तासन्‌तास अडवलेला असतो. ऐनवेळी "माझं जरा अर्धा तास आत ठेवू का?" म्हणणारा पाहुणा कुणालाच नको असतो. कॅसरोल न्यायचं झालं तरी घरी पूर्ण भाजून, वरचा कांदा पिशवीत वेगळा ने, नाहीतर वाटेत तो मऊ पडतो.

आता शेगडीवरच्या बिन्स. तीन पौंड घे, म्हणजे एक किलो ३६० ग्रॅमच्या आसपास, बारा माणसांना पुरतात. आपण बिन्सची भाजी करताना शेंगा बारीक चिरतो. तशा चिरू नकोस. देठाकडचं टोक तेवढं मोड आणि शेंग अख्खी ठेव. बारीक चिरलेली भाजी त्यांच्या ताटात कशाच्या तरी आतलं सारण वाटते, अख्ख्या शेंगा पडल्या की ओळखीचं वाटतं. शेंग वाकवून बघ, कटकन मोडली तर ताजी. रबरासारखी वाकली तर ठेव परत. इकडच्या शेंगा आपल्यापेक्षा जाड असतात, शिरा फारशा नसतात.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी खळखळून उकळ, मीठ चांगलं टाक, शेंगा घाल आणि झाकण ठेवू नकोस. साधारण चार मिनिटांत एक शेंग काढून चावून बघ. दाताखाली किंचित करकरली पाहिजे, पण कच्चा वास गेलेला हवा. लगेच चाळणीत ओतून बर्फाच्या पाण्यात टाक. हे टाळलंस तर आतल्या उष्णतेनं शेंगा शिजतच राहतात आणि तासाभरात हिरव्याच्या शेवाळी होतात. मग स्वच्छ फडक्यावर पसरून अगदी कोरड्या कर. इथपर्यंतचं काम आदल्या दिवशी बुधवारी उरकून फ्रीजमध्ये ठेवता येतं.

निघायच्या आधी रुंद कढईत दोन चमचे तेल आणि दोन चमचे लोणी, मोहरी, मग दहाएक पाकळ्या लसणाचे पातळ काप. लसूण सोनेरी झाला की थांब, तपकिरी झाला तर कडू लागतो. शेंगा टाकून मोठ्या आचेवर दोन-तीन मिनिटं परत, मिरपूड, मीठ, उतरवून अर्ध्या लिंबाचा रस. वर तळलेला कांदा किंवा मूठभर ओलं खोबरं. बस. फोडणीला मिरची नको, आणि तेल धुरावू देऊ नकोस. इकडच्या घरात धुराचा भोंगा छताला असतो आणि लाल मिरचीच्या फोडणीला तो हमखास केकाटतो. फोडणी द्यायच्या आधी खिडकी उघड, पंखा लाव. नवीन माणसाची बिल्डिंगमध्ये ओळख त्या भोंग्यानं व्हायला नको.

शेंगदाण्याचं कूट घालायचा हात आवर. हे मी गमतीनं सांगत नाही. शेंगदाण्याची ॲलर्जी इथं अनेकांना असते, आणि काहींना ती जिवावर बेतते. अमेरिकेत पाकिटावर छापावेच लागतात असे ॲलर्जीचे नऊ पदार्थ आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे कवचवाले, बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि २०२३ पासून तीळसुद्धा. आपल्या कांदा-लसूण चटणीत तीळ असतात हे आपल्याला आठवतही नाही. म्हणून एका कार्डावर पदार्थात काय काय आहे ते लिही आणि भांड्यापाशी ठेव. चटणी कच्च्या तेलात कालवून छोट्या झाकणाच्या वाटीत, तिच्यावरही चिठ्ठी. साहेब स्वतः तिखट खाणारे निघाले तर ते बोट लावतीलच.

ह्या सगळ्याची रंगीत तालीम कोल्हापुरातच करून घे. कपिलतीर्थ मंडईतून अर्धा किलो कोवळ्या बिन्स आण, मीठ-पाणी-बर्फ एवढं दोनदा करून बघितलंस की हात बसेल. कॅसरोलची चव कशी असते ते बघायचं असेल तर सूपचा डबा शोधत फिरू नकोस. दोन चमचे लोण्यात चिरलेले मशरूम परत, दोन चमचे मैदा भाज, कपभर गोकुळचं दूध हळूहळू ओतून घट्ट सॉस कर, त्यात पाव किलो उकडलेल्या शेंगा, वर बिर्याणीला तळतो तसा कांदा. ओव्हन नको, झाकण ठेवून मंद आचेवर वाफ दे. सासूबाईंना आवडेल असं नाही. मलाही सुरुवातीला ते आजाऱ्याचं जेवण वाटायचं, आता नोव्हेंबर आला की आठवण होते.

बांधून न्यायचं म्हणशील तर घरची चटणी जरूर आण. डंकावरची चटणी दुकानात मिळत नाही, आणि मे महिन्यात आईनं केलेली असेलच. दोन-दोन पिशव्यांत घट्ट बांधून चेक-इनच्या बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत पूड असली की तपासणीला थांबवतात. अख्ख्या सुक्या खोबऱ्याच्या वाट्या आणू नकोस, त्यातल्या तेलामुळं विमानात घेऊ देत नाहीत. ताजा कढीपत्ता, भाज्या, पेरायचं बी आणि तांदूळ अजिबात नाही. उतरल्यावर खाण्याचं काही आहे का विचारतील, तेव्हा "हो, मसाले आहेत" म्हणून मोकळी हो. सांगितलेलं आणि चालत नसलेलं ते फक्त काढून घेतात, लपवलेलं सापडलं तर दंड होतो. मिक्सर आणू नकोस, इकडची वीज १२० व्होल्टची आहे. कुकर आण, पण सपाट बुडाचा, कारण भाड्याच्या घरात बऱ्याचदा काचेची विजेची शेगडी असते.

आता गुरुवार. थँक्सगिव्हिंग नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारीच येतं, त्यामुळं हा प्रश्न दरवर्षीचा आहे. २०२५ मध्ये तर २७ नोव्हेंबरला मार्गशीर्षातला पहिला गुरुवार आणि थँक्सगिव्हिंग एकाच दिवशी आलं होतं. २०२६ मध्ये ते २६ नोव्हेंबरला आहे, तेव्हा अजून कार्तिकच असेल, म्हणजे महालक्ष्मीच्या व्रताचा पेच नाही. नेहमीचा गुरुवार असला तर आधीच कळवून टाक: मी आज मांसाहार करत नाही. त्यांना ते सहज समजतं. पण नुसतं टर्की टाळून भागत नाही. ग्रेव्ही टर्कीच्या रसाची असते, स्टफिंग कधी पक्ष्याच्या पोटातच शिजवतात, आणि दुसऱ्या कुणी बिन्स आणल्या तर त्यात बेकन, म्हणजे डुकराचं मांस, असू शकतं. विचारून घे. कडक उपवास असेल तर त्यांचं "डिनर" बऱ्याचदा दुपारी तीन-चारलाच असतं हेही धरून चाल, संध्याकाळी सोडायचा उपवास त्या टेबलावर अवघडच जातो. मी त्या दिवशी दुपारीच सोडते. सासूबाईंना काय सांगायचं ते तुझं तू बघ.

सामान सोमवारपर्यंत आणून ठेव. बुधवारी दुकानात पाय ठेवायला जागा नसते आणि गुरुवारी बरीच मोठी दुकानं बंद असतात. ठरल्या वेळेला पोच, आपल्यासारखं तासभर उशिरा नको. भांड्याबरोबर वाढायचा चमचा स्वतःचा ने, त्या घरातले सगळे चमचे आधीच कामाला लागलेले असतात. आणि भांड्याच्या बुडाला टेप लावून नाव लिही, रात्री सिंकपाशी दहा सारखी काचेची भांडी पडलेली असतात.