पैसे दिले, पण हातात काय आलं?

वाचकांचे प्रश्न

माझा मुलगा १३ वर्षांचा आहे, बीजीएमआय (बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया, फोनवरचा गोळीबाराचा गेम) खेळतो. मागच्या महिन्यात ह्यांच्या फोनवरून यूपीआयने २,४०० रुपये गेले, विचारलं तर म्हणे क्रेट उघडले. हे म्हणतात व्यसन लागलंय, फोनच काढून घे. आता तर गेमवर बंदीचा कायदा पण आलाय ना, मग हे चालू कसं? (एक आई, राजेंद्र नगर, इंदूर)

ताई, आधी कायद्याचं सांगतो कारण हा गोंधळ बऱ्याच घरांत आहे. ऑगस्ट २०२५ मधे संसदेत जो कायदा झाला त्यात बंदी आहे ती पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर, म्हणजे पैशाची रमी, पोकर, पैसे भरून टीम लावायची ती क्रिकेटवाली ॲप्स. शिक्षा पण चालवणाऱ्याला आणि जाहिरात करणाऱ्याला, खेळणाऱ्याला नाही. तुमच्या मुलाचा गेम यात बसत नाही कारण तिथे पैसे जिंकायला लावतच नाहीत, नुसते खर्च होतात.

आणि माझं दुखणं नेमकं इथंच आहे. क्रेट म्हणजे बंद पेटी, आधी खरे रुपये देऊन यूसी (गेममधलं चलन) घ्यायचे मग यूसी देऊन पेटी उघडायची, आत काय निघेल ते नशीब. पोराला हवी असते ती बंदुकीची स्किन (नुसतं रूप बदलणारी सजावट), ती निघायची शक्यता अगदी थोडी, म्हणून "बस एक शेवटची" म्हणत तो उघडत जातो. आणि मधे यूसी आल्यामुळे आपण आईबाबांचे रुपये उडवतोय हे त्याला जाणवतच नाही, पेटीवर रुपयाचं नाव कुठेच नसतं. बेल्जियमच्या जुगार आयोगाने २०१८ मधेच अशा विकतच्या पेट्या जुगारात धरल्या. आपल्याकडे २०२१ मधे हा गेम आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना खर्चाची मर्यादा ठेवली होती दिवसाला ७,००० रुपये. दिवसाला! इंदुरात कितीतरी घरांचं महिन्याचं भाडं तेवढं असतं. मी ते वाचलं तेव्हा मला राग आला होता आणि अजून येतो.

पण फोन काढून घेऊ नका. खेळणं वेगळं आणि पेटी उघडणं वेगळं. संध्याकाळी त्याचे तीन मित्र त्याच टीममधे असतात, एकमेकांना हाका मारत खेळतात, ते तोडलंत तर तो तुमच्यापासून लपवायला शिकेल, बाकी काही नाही. व्यसन म्हणायची पण घाई नको. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार मानलाय हे खरं, पण त्यात खेळावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, आणि हे साधारण १२ महिने चालणं असं सगळं लागतं. तुमच्या पत्रात शाळा, जेवण, झोप यातलं काहीच बिघडल्याचं नाहीये.

आजच यूपीआयचा पिन बदला, तो त्याला माहीत झालाय हे उघड आहे. प्ले स्टोअरमधे प्रत्येक खरेदीला पासवर्ड लावा. मग एक दिवस शेजारी बसा आणि २,४०० मधे काय काय निघालं ते त्यालाच उघडून दाखवायला सांगा, रागावून नाही, खरंच बघायचंय म्हणून.

मी विकत घेतलेल्या गेमचा सर्व्हर कंपनीने बंद केला, आता तो उघडतच नाही. मग क्रॅक (कंपनीचं कुलूप तोडणारी फाइल) वापरलं तर माझी चूक काय? (एक विद्यार्थी, भंवरकुआँ)

तुझा राग बरोबर आहे. २०१४ चा 'द क्रू' हा गेम असाच गेला, ३१ मार्च २०२४ ला उबिसॉफ्ट कंपनीने सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भाग पण बंद पडला, लोकांनी पैसे मोजून घेतलेली डिस्क नुसती चकती राहिली. त्यावरूनच युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली आणि १० लाखांच्या वर सह्या झाल्या. मला वाटतं हे भांडण आपलं पण आहे, "खरेदी करा" असं बटण दाबून आपल्याला फक्त परवाना मिळत असेल तर ते तिथेच मोठ्या अक्षरात लिहिलं पाहिजे.

पण क्रॅकचं नाही पटत मला. कोणी बनवलं माहीत नाही अशी फाइल तू अँटिव्हायरस बंद करून चालवणार, आणि त्याच लॅपटॉपवर तुझी बँक आणि कॉलेजचं सगळं. त्यापेक्षा जीओजीसारख्या ऑनलाइन गेमच्या दुकानातून घे, तिथे इन्स्टॉलर उतरवून आपल्या हार्डडिस्कवर ठेवता येतो.

आमच्या मंडळाच्या जुन्या स्मरणिका कृतिदेव फॉन्टमधे आहेत. नव्या लॅपटॉपवर नुसती इंग्रजी अक्षरं दिसतात. जेल रोडवर दुकानात दाखवलं तर म्हणाले जुना विंडोज १० चा पीसी भंगारात द्या. (एक आजोबा, रामबाग)

आजोबा, अजिबात देऊ नका! कृतिदेवमधे आतून इंग्रजीचीच अक्षरं असतात, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचा चेहरा चढवतो, म्हणून फॉन्ट नसला की खिचडी. मजकूर युनिकोडमधे (आता सगळीकडे चालणाऱ्या लिपीच्या पद्धतीत) बदलायचे कन्व्हर्टर आहेत, पण ऱ्हस्व इकार आणि रफार बरेचदा भलतीकडे जाऊन बसतात, तेव्हा मराठी नीट वाचणाऱ्या माणसाने ओळ न ओळ तपासायला हवी, तुमच्यासारख्याच.

विंडोज १० चे नेहमीचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले, म्हणून त्यावर बँकेची कामं नकोत, पण मशीन चांगलं आहे. विंडोजच्या जागी लिनक्स मिंट घाला, फुकट आहे, त्यातल्या लिब्रेऑफिसमधे (वर्डसारखंच) मराठी छान टाइप होतं. फक्त त्याच्या आधी सगळ्या स्मरणिकांची पीडीएफ काढा आणि मूळ फाइली अन् कृतिदेवचा फॉन्ट दोन पेनड्राइव्हवर ठेवा, एक तुमच्याकडे, एक मंडळात. लिनक्स घालताना जुनी डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून हे आधी.